वीस मिनिटांची नळी

त्या दिवशी माझ्या पर्समध्ये दंडाला बांधायचा रबरी पट्टा, दोन सिरिंज, जांभळ्या झाकणाची एक छोटी बाटली आणि जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली काचेची एक नळी होती. सुया टाकायचा पांढरा डबा पर्समध्ये मावेना, म्हणून तो मांडीवर धरून मी एसटीत बसले. शेजारच्या आजीनं दोनदा डब्याकडं पाहिलं आणि शेवटी विचारलंच, "पेढे हायेत का गं?"

मी बीड जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे. कागदावर हे एवढं लांबलचक नाव. दवाखान्यात मी लॅबवाली मॅडम आणि ओपीडीतल्या म्हाताऱ्यांसाठी 'रगत काढणारी'. चाललेले एका जिल्हा परिषद शाळेत, सातवी-आठवीच्या पोरांना आरोग्याच्या क्षेत्रात काय काय कामं असतात ते सांगायला. त्याच शाळेत दोन वर्षांपूर्वीही गेले होते आणि सपशेल आपटले होते. ते आधी सांगते.

तेव्हा मी लॅपटॉपवर अठरा स्लाइड बनवून नेल्या होत्या. एएनएम, जीएनएम (हे दोन्ही नर्सिंगचे कोर्स), बीएस्सी नर्सिंग, डीएमएलटी (लॅबचा डिप्लोमा), डी. फार्म, बी. फार्म, फिजिओथेरपी, रेडिओग्राफी, ऑप्टोमेट्री, डायलिसिस टेक्निशियन. समोर पात्रता, पुढं कालावधी. रात्री बारापर्यंत बसून रंग भरले होते. शाळेत पोचले तर लाइट नाही. मग लॅपटॉपची बॅटरी होती तोवर पोरांनी बाकांवरून माना लांब करून पाहिलं, ती संपल्यावर मी तोंडी वाचत राहिले. शेवटी विचारलं, "मग, कुणाला काय व्हायचंय?" पोरं म्हणाली पोलीस आणि मिल्ट्री. पोरी म्हणाल्या डॉक्टर, कलेक्टर, बाई. अठरा स्लाइडमधलं एकही नाव कुणाच्या तोंडून आलं नाही. एका पोरीनं हात वर केला. मला वाटलं, आली एक. तिनं विचारलं, "मॅडम, तुम्हाला पगार किती हाय?" मी हसून टाळलं. तो माझा त्या दिवशीचा सगळ्यात मोठा मूर्खपणा, कारण अख्ख्या तासात कामाचा प्रश्न तो एकच होता. वर शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कारही झाला.

खरं सांगायचं तर त्या पोरांना दोष द्यायला मला तोंड नाही. मी स्वतः लॅबमध्ये कशी आले? माझे आईवडील कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रक यायचा, ते सांगलीकडं नाहीतर कर्नाटकात, आणि मी गावात आजीपाशी. पट्टा पडला, म्हणजे तोडणीचा हंगाम संपला, की उन्हाळ्याच्या तोंडाला ते परत. बारावीनंतर सगळ्या मैत्रिणींसारखं मलाही डी.एड. करायचं होतं. तेव्हा आमच्याकडं डी.एड.ची लाटच होती. मार्क कमी पडले. आमचे एक पाहुणे तालुक्याला लोकांचे फॉर्म भरून द्यायचे. त्यांनी माझ्या सायन्सच्या मार्कशीटकडं पाहिलं आणि म्हणाले, "हे एक नवीन निघालंय, डीएमएलटी. रक्त तपासायचं असतंय. टाकू का?" मी म्हटलं, टाका. लॅब आतून कशी असते ते मी ॲडमिशन झाल्यावर औरंगाबादला पाहिलं. (तेव्हा औरंगाबादच म्हणायचे.) यशस्वी माणसांच्या भाषणात असतो तसा माझ्या आयुष्यात कुणी प्रेरणा देणारा नाही. एक फॉर्म भरणारा आहे.

पण त्या पाहुण्यांना माझ्या हातात सायन्सची मार्कशीट दिसली म्हणून त्यांनी फॉर्म टाकला. कला शाखेची असती तर टाकता आला नसता. आणि मी सायन्सला गेले ते केवळ आजीचं माहेर तालुक्याच्या गावी होतं म्हणून. आजीच्या भावाच्या घरी पडवीत राहून मी अकरावी-बारावी केली. माझ्या वर्गातल्या इतर पोरींना तालुक्याला तसं घर नव्हतं.

हे सगळं डोक्यात घोळत होतं म्हणून यंदा लॅपटॉप घरी ठेवला.

सप्टेंबरचा तिसरा आठवडा होता. बाहेर पाऊस भुरभुरत होता. सातवी आणि आठवी मिळून एकतीस पोरं एका खोलीत बसवली होती. मागच्या भिंतीला टेकून गावातल्या आशाताई (घरोघरी आरोग्याचं काम करणाऱ्या आशा सेविका) बसल्या होत्या. त्यांना मीच फोन करून बोलावलं होतं. पोरांना त्या फक्त 'पोलिओवाली' म्हणून ठाऊक.

मी फळ्यावर लिहिलं: घोणस. आणि विचारलं, "समजा, सोयाबीन खुरपताना एका बाईला घोणस चावली. आता पुढं काय?"

वर्ग जागा झाला. सापाचं नाव काढलं की आमच्याकडं झोपलेलं पोरगंही उठून बसतं, कारण प्रत्येकाच्या घरात एक तरी गोष्ट असते. "ब्लेडनं कापायचं आन् रगत चोखायचं." "नाय, दोरी आवळायची." "आधी देवळात नेतेत." "मिरची खायला देतेत, तिखट लागलं नाय तर इख चढलं." आशाताईंना राहवेना. त्या मागूनच ओरडल्या, "कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही! हातपाय हलवू द्यायचा नाही आणि गाडी बोलवायची." पोरं मागं वळून बघायला लागली. पोलिओवालीला हेही येतं, हे त्यांना नवीन होतं.

"बरं," मी म्हटलं, "त्या बाईला वाचवायला किती माणसं लागतील?"

"दोन," पहिल्या बाकावरचा एकजण म्हणाला. "डॉक्टर आणि नर्स."

"लिहून ठेव. तास संपल्यावर परत मोजू."

मग मी पर्समधून नळी काढली. वर्तमानपत्र सोडून ती वर धरली. बोटभर लांबीची, साधी काचेची, आत काही नाही. "ही काय करते ते दाखवते. मला कुणाचं तरी रक्त पाहिजे." एकदम शांतता. पोरांचं रक्त मी घेणार नव्हतेच, आईबापांच्या परवानगीशिवाय तसं करताही येत नाही. पण हे सांगायच्या आत गणिताचे सर उठले आणि बाही सारून खुर्चीवर येऊन बसले. अंगापिंडानं मजबूत माणूस. मी पट्टा बांधला, शीर सापडली, सुई गेली आणि सरांच्या कपाळावर घाम आला. मी विचारलं, "सर, बरं वाटतंय ना?" सर म्हणाले, "एकदम." आणि डोळे मिटले. मग त्यांना बाकावर आडवं केलं, पाय दप्तरांच्या ढिगावर ठेवले. दोन पोरींनी कुणी न सांगता वहीनं वारा घालायला सुरुवात केली. तिसरी धावत जाऊन तांब्या घेऊन आली, मी म्हटलं, पूर्ण शुद्धीवर आल्याशिवाय पाणी पाजायचं नसतं. पाच मिनिटांत सर उठून बसले आणि स्वतःच हसले. मी काही ठरवून केलं नव्हतं, पण त्या वर्गात परिचर्येचा पहिला धडा असा गणिताच्या सरांच्या खर्चानं झाला.

सरांना आडवं केलं तेव्हा रक्त माझ्या हातातल्या सिरिंजमध्येच होतं. ते जास्त वेळ तसं ठेवता येत नाही, म्हणून दोन पोरी वारा घालत असतानाच मी दोन मिलिलिटर काचेच्या नळीत सोडलं आणि तेवढंच जांभळ्या झाकणाच्या बाटलीत. बाटली हलकेच उलटीपालटी केली. नळी मात्र टेबलावर तांब्याला टेकवून उभी केली. "आता हिला वीस मिनिटं कुणी हात लावायचा नाही. टेबलाला धक्का नाही, फुंकर नाही. घड्याळ कोण बघणार?"

मागच्या बाकावरून एक हात वर आला. सडपातळ पोरगा, शर्टाचं वरचं बटण नसलेला. दोन वर्षांपूर्वी तो पाचवीत असणार. भिंतीवरच्या घड्याळाकडं तोंड करून तो जो बसला तो वीस मिनिटं हलला नाही.

या तपासणीला दवाखान्यात आम्ही 'ट्वेंटी मिनिट' म्हणतो. तिच्यासाठी यंत्र लागत नाही, लाइट लागत नाही, रसायन लागत नाही. रक्त काचेला लागलं की गोठायला सुरुवात होते. निरोगी माणसाचं रक्त वीस मिनिटांत घट्ट होतं. घोणस किंवा फुरसं चावलं असेल तर विषानं रक्त गोठवणारी द्रव्यं आधीच संपवलेली असतात, मग वीस मिनिटांनी नळी तिरकी केली तरी रक्त पाण्यासारखं वाहतं. तसं दिसलं की डॉक्टर सर्पविषावरची लस चालू करतात. नळी काचेचीच पाहिजे, प्लास्टिकची चालत नाही. कोरडी पाहिजे, आणि साबणानं धुतलेली नको, कारण काचेवर साबणाचा अंश राहिला की रक्त गोठत नाही आणि विष नसलेल्या माणसाला विषाची लस जाते. एवढ्याशा नळीला एवढे नखरे.

पोरांना मी माझी चूकही सांगितली. नोकरीला लागून सहा-सात महिने झाले असतील. रात्री अकराला एक पेशंट आला, सोबत पंधरा नातेवाईक. सगळे लॅबच्या दारात. "झालं का मॅडम? अजून किती?" मी घाबरले आणि बाराव्या मिनिटाला नळी उचलून हलवून पाहिली. अर्धवट रक्त होतं, ना घट्ट ना पातळ. एकदा हलवली की ती नळी गेली. परत शीर शोधायची, परत रक्त, परत वीस मिनिटं. डॉक्टर काहीच बोलले नाहीत. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. पेशंट वाचला. ती नजर मात्र अजून आठवते. तेव्हापासून मी नळी लावली की लॅबचं दार आतून लावून घेते, नातेवाइकांनी कितीही शिव्या घातल्या तरी.

"तुम्हाला शिव्या देतेत?" एका पोरीनं विचारलं.

"देतात की. काही दारू पिऊन येतात. काही परत येऊन माफी मागतात. काही जण केळी आणून देतात."

वीस मिनिटं नुसती बसवून ठेवता येत नाहीत, म्हणून मध्ये मी आशाताईंना पुढं बोलावलं. त्या आधी लाजल्या. मग पिशवीतून वजन करायची झोळी काढली, थर्मामीटर काढला आणि एकदा बोलायला लागल्या त्या थांबेनात. बाळंतीण घरी आली की त्या तिसऱ्या दिवशी जातात, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात. घरीच बाळंत झाली असेल तर पहिल्या दिवशीही. बाळाचं वजन, ताप, नाळ, आणि श्वास. श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा. साठ किंवा जास्त भरला तर परत मोजायचा, पुन्हा तेवढाच आला तर बाळाला उचलून दवाखाना.

"करून बघा," त्या म्हणाल्या. "शेजारच्याचे श्वास मोजा. एक मिनिट. पोट वर आलं की एक."

पुढचं मिनिट मी विसरणार नाही. एकतीस पोरं एकमेकांच्या पोटाकडं टक लावून बसलेली. कुणाचे अठरा भरले, कुणाचे बावीस. एकाचे चौऱ्याण्णव! त्यानं श्वास घेतला एक, सोडला दोन असं मोजलं होतं, शिवाय त्याचा जोडीदार सारखा हसत होता. आशाताई गंभीरपणे म्हणाल्या, "याला ॲडमिट करावं लागंल."

त्या श्वास मोजण्यामागं मोठी गोष्ट आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळ तपासायला, न्यूमोनिया ओळखायला, औषध द्यायला शिकवलं. त्या गावांत बाळं मरायचं प्रमाण निम्म्याहूनही खाली आलं. 1999 साली त्यांचं ते काम 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि पुढं देशभरातल्या आशांच्या घरभेटी त्यावरून उभ्या राहिल्या. मी हे पोरांना दोन वाक्यांत सांगितलं. आशाताईंनाच ते ठाऊक नव्हतं. त्या म्हणाल्या, "आम्हाला नुसता फॉर्म दिला होता मॅडम, मागची गोष्ट कुणी सांगितली नाही." मला त्याची लाज वाटली. आम्हीच त्यांची ट्रेनिंगं घेतो.

कुणीतरी विंचवाचं विचारलं. विंचवाचं विचारतातच. मग मला आमच्या मराठवाड्याचा माणूस आठवणारच. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावच्या शेतकऱ्याचा मुलगा, डॉ. हिंमतराव बावस्कर. कोकणात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला लागले आणि लाल विंचवाच्या दंशानं धडधाकट माणसं डोळ्यांदेखत जाताना पाहिली. इतरांसारखं 'विंचू म्हणजे विंचू' असं न म्हणता ते पेशंटच्या उशाशी बसून राहिले, नाडी आणि रक्तदाब लिहून ठेवत. रक्तदाबावरचं प्राझोसिन नावाचं औषध इथं उपयोगी पडतं, हे त्यांनी दाखवलं. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. पोरांना पद्मश्रीपेक्षा उशाशी बसणं जास्त आवडलं असावं, कारण एकानं विचारलं, "रात्रभर बसले? मग घरी कधी जायचे?"

"मॅडम, वीस!"

घड्याळवाल्याचा आवाज. आम्ही बावस्करांमध्ये रमलो होतो, तो नव्हता.

सगळी पोरं टेबलाभोवती. मी त्यालाच म्हटलं, नळी तू धर, पण काचेचा वरचा भाग, आणि सावकाश आडवी कर. हातमोजा घालून दिला, त्याच्या हातात तो कोपरापर्यंत लोंबत होता. त्यानं नळी तिरकी केली. रक्त जागचं हललं नाही. आणखी आडवी केली. पार उलटी केली तरी जेलीसारखं तळाला चिकटून. "गणिताचे सर वाचले!" कुणीतरी ओरडलं आणि टाळ्या पडल्या. मग मी जांभळ्या झाकणाची बाटली उचलून तिरकी केली. त्यात तेच रक्त, तेव्हाच काढलेलं, पण पाण्यासारखं इकडून तिकडं गेलं. त्या बाटलीत रक्त न गोठण्याचं औषध असतं. "घोणस चावलेल्या बाईचं रक्त नळीत असं दिसतं," मी म्हटलं. टाळ्या थांबल्या.

मण्यार चावली तर ही नळी फसते, हेही सांगितलं. मण्यारीचं विष नसांवर जातं, रक्त छान गोठतं आणि माणसाच्या पापण्या मिटायला लागतात. तिथं माझा रिपोर्ट नॉर्मल असतो आणि डॉक्टरांनी किंवा सिस्टरनं पापण्यांकडं बघितलं नाही तर पेशंट श्वास थांबून जातो. एकट्या कुणाचंच चालत नाही.

"आता मोजा," मी म्हटलं. "किती माणसं?"

आणि फळा भरायला लागला. फोन करणाऱ्या आशाताई. 108 ची गाडी चालवणारा पायलट, गाडीतला डॉक्टर. केसपेपर काढणारा बाबू. कॅज्युअल्टीतले मेडिकल ऑफिसर. सलाईन लावणारी सिस्टर, किंवा ब्रदर. (ब्रदर म्हटल्यावर पोरं हसली. आमच्याकडचे ब्रदर लहान बाळाला सुई लावतात तशी कुणाला लावता येत नाही, असं मी जरा रागानंच सांगितलं.) नळीवाली मी. लस स्टॉकमध्ये आहे की नाही ते बघणारे फार्मासिस्ट. ट्रॉली ढकलणारे मामा, रक्त सांडलेली फरशी पुसणाऱ्या मावशी. घोणशीचं विष किडनीवर गेलं तर मोठ्या दवाखान्यातला डायलिसिस टेक्निशियन. व्हेंटिलेटर बंद पडला तर तो दुरुस्त करणारा बायोमेडिकल इंजिनिअर. पाय सुजून आखडला तर चालायला शिकवणारी फिजिओथेरपिस्ट. पांढऱ्या डब्यातल्या सुया नेऊन विल्हेवाट लावणारा. चौदा भरले. 'दोन' लिहिलेल्या पोरानं वहीत खोडून चौदा केलं, मग म्हणाला, "आन् सापाची लस कोण बनवतंय?" पंधरा.

पगाराचा प्रश्न परत आला, यंदा पोराकडून. मी सांगितला. पहिला पगार कंत्राटी होता, महिना साडेचार हजार, तोही तीन-तीन महिने थकायचा. तोही आकडा सांगितला. आजचाही सांगितला. उचल म्हणजे मुकादम हंगामाआधी आगाऊ देतो ते पैसे, ते ऊस तोडून फेडायचे. एक पोरगा बोटांवर हिशेब करून म्हणाला, "म्हणजे आमच्या कोयत्याला उचल मिळती तेवढं तुम्हाला दीड-दोन महिन्यांत." मग थोडं थांबून, "आन् फेडायचं नाय." या वाक्यानंतर मला काही सुचलं नाही. मी फळा पुसायला घेतला.

पुसलेल्या फळ्यावर एकच आडवी रेघ काढली आणि दहावीपाशी तिला दोन फाटे फोडले. माझं सगळं म्हणणं त्या फाट्यापाशी आहे. सातवीतल्या पोराला तू कोण होणार हे विचारून काही उपयोग नाही, त्याचं उत्तर महिन्याला बदलतं आणि बदलावंच. पण दहावीनंतर कुठला दरवाजा कायमचा बंद होतो, हे त्याला सातवीत कळलं पाहिजे, कारण दहावीच्या सुट्टीत कळून उशीर झालेला असतो. एएनएम, जीएनएमला बारावी कला शाखेतूनही जाता येतं. बीएस्सी नर्सिंगला, लॅबला, फिजिओथेरपीला, डॉक्टरकीला बायॉलॉजी पाहिजेच. फार्मसीला सायन्स पाहिजे, मग बायॉलॉजी नाहीतर गणित. आणि या गावातून सायन्स कुठं? शाळा आठवीपर्यंत. हायस्कूल सहा किलोमीटरवर, तिथल्या ज्युनिअर कॉलेजात फक्त आर्ट्स. सायन्स तालुक्याला, बावीस किलोमीटर. मुलींना एसटीचा पास फुकट आहे. गाडी सकाळी सव्वासातची एक, ती हुकली की दिवस गेला. त्यामुळं आमच्या बहुतेक पोरी आर्ट्सला जातात ते आवडीनं नव्हे, एसटीच्या टाइमटेबलनं.

गणिताचे सर (आता पूर्ण बरे) म्हणाले, वसतिगृहं आहेत ना. आहेत. ऊसतोड कामगारांच्या पोरांसाठी संत भगवानबाबांच्या नावानं सरकारी वसतिगृहांची योजना आहे. 2024 पासून आर्थिक दुर्बल, ओबीसी आणि मराठा आरक्षणातल्या ज्या मुलींच्या घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फीही माफ झाली आहे. हे मी सांगितलं आणि वहीत लिहून घ्यायला लावलं. पण एक इशाराही लिहायला लावला. माझ्या मावसभावानं 'सहा महिन्यांत लॅब टेक्निशियन' असा बोर्ड लावलेल्या एका ठिकाणी साठ हजार भरले होते. सोनेरी शिक्क्याचं सर्टिफिकेट मिळालं. ते घेऊन परिषदेत नोंदणी करायला गेला तर खिडकीवरच्या माणसानं ते उलटंसुद्धा करून पाहिलं नाही. भाऊ आता टेम्पो चालवतो, सर्टिफिकेट मावशीनं फ्रेम करून लावलंय. तर कुठंही पैसे भरायच्या आधी दोन प्रश्न विचारायचे: परीक्षा कोण घेतं, आणि नोंदणी कुठल्या परिषदेत होते? नर्सिंगची परिचर्या परिषद, आमची परावैद्यक परिषद, फार्मसीची वेगळी. उत्तर देताना समोरचा चहा मागवायला लागला तर उठायचं.

तास संपल्यावर पोरं पांगली. ज्या पोरीनं तांब्या आणला होता ती घुटमळत राहिली. दोन वेण्या, एका वेणीची रिबीन सुटलेली. मला वाटलं नळी मागायला आली असेल. तिनं विचारलं, "मॅडम, पट्टा पडल्यावर आलं तर बायॉलॉजी भरून काढता येतंय का?"

ती गेल्या वर्षी आईबापांबरोबर गेली होती. धाकट्या भावाला कोपीवर, म्हणजे तोडणीवरच्या झोपडीत, कोण सांभाळणार म्हणून. नोव्हेंबर ते मार्च. आठवीत हे चालून जातं, सर हजेरी सांभाळून घेतात. अकरावीचं प्रॅक्टिकल कुणी सांभाळून घेत नाही. मी तिला ते तसंच सांगितलं. आणि गावात हंगामी वसतिगृह सुरू झालं की तिथं जेवायचं, आजीपाशी राहायचं, भावालाही इथंच ठेवून घ्यायचं, हे तिच्या आईशी बोलायला मी येईन असंही म्हटलं. ती म्हणाली, "आईला नका, बापाला बोला. उचल त्यानं घेतलीय." पुढच्या रविवारी मी गेले. वडील घरी नव्हते, मुकादमाकडं गेले होते. त्यापुढच्या रविवारी भेटले. ऐकून घेतलं, चहा पाजला, "बघू" म्हणाले. आमच्याकडच्या 'बघू'चा अर्थ काय होतो ते तुम्हाला ठाऊक आहे, पण कधीकधी तो खरंच 'बघू' असाही असतो.

आता आमचे एक्सरेवाले तयार झालेत. जुन्या एक्सरे फिल्म ते काचेच्या खिडकीला लावून दाखवणार, मोडलेला हात, नाणं गिळलेलं पोट. अट एकच, शाल-श्रीफळ नको. पुढच्या वेळी कधी यायचं आणि किती फिल्म आणायच्या, ते विचारायला मी काल हेडसरांना फोन केला. म्हटलं, पोरं किती असतील?

"दसऱ्याच्या आधी आलात तर एकतीस," सर म्हणाले. "नंतर आलात तर मोजून सांगतो."